पॅकेजचा आकडा कितपत खरा? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या पगारांची माहिती देणारी संकेतस्थळे आणि सर्वेक्षणे लोकांनी स्वतःहून भरलेल्या आकड्यांवर चालतात. त्यांच्याबद्दल बरीच पत्रे आली. निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी एका सेवा कंपनीत जावा डेव्हलपर आहे. अनुभव ७ वर्षे, सीटीसी (कंपनीला माझ्यावर पडणारा एकूण वार्षिक खर्च) १८ लाख. पगारांच्या एका संकेतस्थळावर माझ्याच कंपनीत, माझ्याच पदाला १२ ते २४ लाख असा पट्टा दिसतो. मित्र म्हणतो, तू स्वस्तात गेलास. एवढ्या रुंद पट्ट्यातून नेमके काय समजायचे? – एक वाचक, हिंजवडी, पुणे

उत्तर : मित्राचे ऐकण्याआधी स्वतःचेच १८ लाख उलगडून पाहा. मूळ वेतन सीटीसीच्या ४० टक्के आणि व्हेरिएबल (कामगिरीनुसार कमी-जास्त मिळणारा भाग) १० टक्के अशी रचना धरू. मूळ वेतन झाले ७ लाख २० हजार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्याच्या १२ टक्के, म्हणजे ८६,४०० रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी ३४,६३२ रुपये. व्हेरिएबल १ लाख ८० हजार. हे तिन्ही वजा केले की हमखास मिळणारा एकूण पगार उरतो १४,९८,९६८ रुपये, महिन्याला १,२४,९१४. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ७,२०० रुपये, व्यवसाय कर २०० रुपये आणि २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीने सुमारे ८,१०० रुपये प्राप्तिकर गेला की हातात साधारण १ लाख ९ हजार ४०० पडतात. वर्षाचे १३ लाख १३ हजार.

आता संकेतस्थळावरचा ‘वार्षिक पगार’ हा रकाना भरायला घ्या. ऑफर लेटर समोर असेल तर १८ लिहाल. पीएफ-ग्रॅच्युइटी पगारात धरायची नाही असे वाटले तर १६.८. व्हेरिएबलचा भरवसा नसेल तर १५. बँकेत जमा होणाऱ्या रकमेला बाराने गुणले तर १३.१. चारही आकडे खरे, माणूस एकच, आणि सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या ३७ टक्के वर! नुकत्याच रुजू झालेल्याने दोन लाखांचा जॉइनिंग बोनस त्यात मिळवला की २० लाख होतात. तो बोनस पुढच्या वर्षी नसतो. काही कंपन्या पीएफ मूळ वेतनावर न कापता १५,००० रुपयांच्या वैधानिक मर्यादेवर कापतात. मग कंपनीचा वाटा वर्षाला फक्त २१,६०० होतो आणि त्याच सीटीसीत एकूण पगार ६४,८०० रुपयांनी वाढतो.

म्हणजे १२ ते २४ च्या पट्ट्यातला बराच भाग व्याख्यांच्या गोंधळाचा आहे. उरलेला भाग काळाचा. २०२१-२२ मध्ये भरतीची लाट होती. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिससारख्या कंपनीत नोकरी सोडणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेले होते. त्या धांदलीत दिलेल्या ऑफर आणि २०२३ नंतर बाजार थंडावल्यावर दिलेल्या ऑफर एकाच टोपलीत पडल्या तर पट्टा रुंदावणारच.

तुलना करायचीच तर ती १५ लाखांशी करा, म्हणजे हमखास एकूण पगाराशी. संकेतस्थळावर तारीख, शहर आणि अनुभवाची गाळणी असेल तर शेवटचे १२ महिने, पुणे, ६ ते ८ वर्षे एवढेच ठेवा. पंचवीसेक नोंदी उरल्या आणि त्यांत फिक्स्ड (हमखास मिळणारा पगार) वेगळा दिलेला असला तर त्या रकान्याचा मध्यक पाहा. (नोंदी चढत्या क्रमाने लावल्या की बरोबर मधली येते, तो मध्यक.) फिक्स्ड वेगळा दिलेलाच नसेल, तर त्या पट्ट्यावरून मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊ नका. तिथे पहिलाच प्रश्न येईल, “यात व्हेरिएबल धरलंय का?”

प्रश्न : लोक सरळ खोटे आकडे टाकतात असे नाही का? निनावी असल्यावर कोण विचारणार? – एक वाचक, ठाणे

उत्तर : टाकतात, पण आम्हांला तो सर्वांत मोठा दोष वाटत नाही. जॉन बाउंड आणि ॲलन क्रुगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या सरकारी सर्वेक्षणात लोकांनी सांगितलेली कमाई त्याच लोकांच्या सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या) नोंदींशी ताडून पाहिली. चुका होत्या, आणि त्यांना एक कल होता : कमी कमावणारे थोडे वाढवून सांगत, जास्त कमावणारे थोडे कमी. टोके मध्याकडे ओढली जातात. मात्र ते मुलाखती घेऊन केलेले सर्वेक्षण होते, उत्तर देणारे सरकारने निवडले होते. स्वतःहून येऊन भरायच्या संकेतस्थळावर हा कल तसाच राहील असे धरू नये.

तिथे खोटेपणाच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली जागा ‘आधी तुमचा पगार सांगा, मग इतरांचे पाहा’ या अटीची. या अटीमुळे एरवी गप्प बसणारी माणसेही नोंद करतात, हा तिचा फायदा. पण घाईतला माणूस दार उघडण्यापुरते काहीतरी टाकतो. अशा नोंदी ओळखता येतात : पद मोघम, अनुभव पूर्ण वर्षांत आणि पगार १०, १२, १५, २० असा गोल. दुसरी जागा वाटाघाटींची. एखाद्या कंपनीचा आकडा वर दिसला तर आपल्याला मागायला बरे, या हिशेबाने केलेल्या नोंदी. त्या बहुधा एका कंपनीच्या एका पदावर थोड्या दिवसांत दाटीने येतात.

आणि प्रामाणिक चुकांचे काय? स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने २०१९ मध्ये घेतलेल्या सर्वेक्षणात पगार आठवड्याचा, महिन्याचा की वर्षाचा हे उत्तर देणाऱ्याने निवडायचे होते. वार्षिक आकडा काढताना १२ महिने आणि ५० आठवडे धरले होते. कुणी वर्षाचा पगार लिहून चुकून ‘आठवडा’ निवडला की तो पन्नासपट झाला. आपल्याकडे १२ लाख लिहून ‘महिना’ निवडला की १ कोटी ४४ लाख! त्या वर्षी वरच्या टोकाचे सुमारे दोन टक्के आकडे छाटून त्यांच्या जागी मर्यादेचा आकडा ठेवावा लागला होता. सरासरी अशा दोन-चार नोंदींनी भरकटते, मध्यक जागचा फारसा हलत नाही. संकेतस्थळ फक्त सरासरी देत असेल तर ती वाचूच नये, इतके स्पष्ट आमचे मत आहे.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ९० जणांनी पगार भरले. एक मित्र म्हणतो, आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात हजारो असतात, ९० ला काय किंमत? – एक वाचक, सांगली

उत्तर : मोठ्या आकड्याचा दरारा इथे कामाचा नाही. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२४ च्या सर्वेक्षणात ६५ हजारांवर लोकांनी भाग घेतला. वापरता येईल असा पगार त्यांतल्या सुमारे २३ हजारांनीच दिला. भारतातून भाग घेणारे चार हजारांच्या थोडे वर. हे लोक मुख्यतः त्याच संकेतस्थळाच्या स्वतःच्या माध्यमांतून आलेले असतात. इंग्रजीत प्रश्न विचारणारे, स्वतःहून शिकणारे, नोकरी बदलायच्या बेतात असलेले त्यांत जास्त. मेनफ्रेमवर वीस वर्षे शांतपणे काम करणारा माणूस तिकडे फिरकत नाही.

स्वतःहून येण्याने किती नुकसान होते, हे संख्याशास्त्रज्ञ शिआओ-ली मेंग यांनी २०१८ मध्ये सूत्रात मांडले. लोकसंख्येपैकी उत्तर देणाऱ्यांचा वाटा ‘व’ आणि उत्तर देणे व पगार यांच्यातला सहसंबंध (पगारानुसार उत्तर देण्याचा कल किती बदलतो ते) ‘स’ मानला, तर आलेला नमुना साधारण किती यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, माणसांच्या बरोबरीचा आहे हे असे काढतात : व भागिले (१ − व), त्याला स च्या वर्गाने भागायचे. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीआधीच्या जनमत चाचण्यांत मिळून साधारण २३ लाख लोकांची उत्तरे जमली असे त्यांनी धरले, म्हणजे मतदारांच्या एक टक्का. सहसंबंध अवघा ०.००५. तरी ते २३ लाख चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सुमारे ४०० माणसांइतकेच भरले.

हे सूत्र आपल्या प्रश्नाला लावा. नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेच्या २०२३-२४ च्या अंदाजाने भारतातल्या आयटी उद्योगात सुमारे ५४ लाख लोक आहेत. चार हजार उत्तरे आणि तोच ०.००५ सहसंबंध धरला तर बरोबरी होते जेमतेम ३० माणसांशी. ५४ लाखांतले निम्मेच प्रोग्रॅमर धरा, तर ६० शी. पगार सांगणारे चार हजारांहून कमी, त्यामुळे प्रत्यक्षात याहूनही खाली. तुमच्या बॅचमध्ये, समजा, ४०० जण आहेत. ९० जणांनी भरले म्हणजे वाटा २२.५ टक्के. सहसंबंध वीसपट वाईट, ०.१, धरला तरी बरोबरी २९ माणसांशी येते. तुमचा ग्रुप त्या जागतिक सर्वेक्षणाच्या पंक्तीला बसतो! फक्त तो सांगतो त्या ४०० जणांबद्दल, देशातल्या डेव्हलपरबद्दल नाही.

प्रश्न : किती नोंदी असल्या म्हणजे आकड्यावर विसंबावे? – दोन वाचक, नाशिक आणि पणजी

उत्तर : मध्यकासाठी एक सोपी पद्धत आहे, कॅल्क्युलेटरही लागत नाही. नोंदी चढत्या क्रमाने लावा. नोंदी ६ असतील तर खरा मध्यक सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या नोंदीच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढेच सुमारे ९७ टक्के खात्रीने म्हणता येते. म्हणजे काहीच कळले नाही. ९ नोंदी असतील तर दुसऱ्या आणि आठव्या नोंदीच्या दरम्यान, २५ असतील तर आठव्या आणि अठराव्या, १०० असतील तर चाळिसाव्या आणि एकसष्टाव्या. या तिन्हींत खात्री ९५ टक्क्यांच्या थोडी वर. पगाराच्या विषयात २५ च्या खाली आम्ही मध्यक छापत नाही, फक्त पट्टा सांगतो. आणि हा हिशेब नोंदी यादृच्छिक आहेत असे धरून केलेला आहे. लोक स्वतःहून आलेले असतील तर त्यातला कल १०० नोंदींनी जात नाही, हजारांनीही नाही.

प्रश्न : आम्ही माजी विद्यार्थी मंडळातर्फे दरवर्षी पगाराचे सर्वेक्षण गूगल फॉर्मवर घेतो. यंदा नीट करायचे आहे. प्रश्न काय ठेवावेत, हिशेब कसा करावा? – मंडळाचे एक कार्यकर्ते, कोल्हापूर

उत्तर : फॉर्ममधून ‘तुमचे पॅकेज किती?’ हा प्रश्न आधी काढून टाका. त्याऐवजी फॉर्म १६ (कंपनी देते ते वर्षाचा पगार आणि कापलेला कर यांचे प्रमाणपत्र) समोर ठेवून भरायला सांगा. २०२४-२५ च्या फॉर्म १६ मध्ये, भाग ‘ब’ मध्ये, कलम १७(१) खाली दिलेला पगार हा त्या वर्षी खरोखर मिळालेला एकूण पगार असतो : फिक्स्ड, मिळालेले व्हेरिएबल, बोनस, सगळे आले. ग्रॅच्युइटीची तरतूद आणि कंपनीचा नेहमीचा पीएफ त्यात नसतो. शेअर मिळाले असतील तर त्यांची किंमत कलम १७(२) च्या अनुलाभांत दिसते. हे दोन आकडे वेगवेगळ्या रकान्यांत घ्या. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन फॉर्म १६ असतात. अशांनी एकच भरला तर पगार निम्मा दिसतो. म्हणून ‘हा आकडा किती महिन्यांचा?’ हे विचारावेच लागते.

त्याखेरीज : एकूण अनुभव महिन्यांत, शहर, घरून काम की कार्यालयातून, कंपनीचा प्रकार (सेवा, प्रॉडक्ट, परदेशी कंपनीचे भारतातले केंद्र, स्टार्टअप), शेवटची पगारवाढ कोणत्या महिन्यात झाली आणि गेल्या १२ महिन्यांत नोकरी बदलली का. शेवटचा प्रश्न गाळू नका. पगाराचे आकडे मन लावून पाहणारे आणि भरणारे बहुतेक स्विच करायच्या तयारीतले किंवा नुकतेच स्विच केलेले असतात, आणि पगारात मोठी उडी त्यांचीच असते. बदललेले आणि न बदललेले वेगळे काढले नाहीत तर टिकून राहिलेल्या माणसाला आपण मागे पडलो असे उगाच वाटते. रकमेचा रकाना रुपयांत, पूर्ण आकड्यात घ्या आणि बाजूला ‘उदा. १२५०००० (साडेबारा लाख)’ असे लिहा. नाहीतर ‘१२’, ‘१२.५ एलपीए’, ‘१२५००००’ आणि ‘१.०५ लाख महिना’ हे चारही प्रकार येतात आणि साफसफाईत दोन रविवार जातात. फॉर्मच्या प्रतिसाद-तपासणीत किमान २ लाख आणि कमाल ३ कोटी अशी मर्यादा घाला.

काही जण नेमका आकडा देणार नाहीत. त्यांच्यासाठी पट्टे ठेवा, पण समान रुंदीचे नकोत. प्रत्येक पट्टा आधीच्यापेक्षा साधारण दीडपट करा : ४ ते ६, ६ ते ९, ९ ते १३, १३ ते २०, २० ते ३०, ३० ते ४५ आणि त्यावर. पट्ट्यांतूनही मध्यक निघतो. समजा ८० उत्तरे आली, १३ लाखांपर्यंत ३४ जण आणि १३ ते २० मध्ये २० जण. चाळिसावा माणूस त्या पट्ट्यात सहा पावले आत आहे : १३ + (६ ÷ २०) × ७ = १५.१ लाख.

हिशेबात सर्वांत जास्त घसरतात ते भारांकनात (प्रत्येक गटाला त्याच्या खऱ्या प्रमाणाइतके वजन देण्यात), कारण ते करतच नाहीत. मंडळाकडे सभासदांची यादी असते, त्यामुळे कोण कुठल्या प्रकारच्या कंपनीत आहे हे ढोबळ कळते. समजा ४०० पैकी २४० सेवा कंपन्यांत आणि १६० प्रॉडक्ट कंपन्यांत आहेत. उत्तरे मात्र सेवा कंपन्यांतून ३० आणि प्रॉडक्टमधून ६० आली. सरासरी अनुक्रमे ९ आणि २६ लाख असेल तर सरळ सरासरी २०.३ लाख येते. खऱ्या प्रमाणात जोडली तर ०.६ × ९ + ०.४ × २६ = १५.८ लाख. साडेचार लाखांचा फरक फक्त कोण आले आणि कोण नाही यातून! मध्यकालाही हेच करता येते : सेवा कंपनीच्या प्रत्येक नोंदीला ८ चा भार (२४० ÷ ३०), प्रॉडक्टच्या नोंदीला २.६७ (१६० ÷ ६०). पगाराच्या चढत्या क्रमाने भार मिळवत जा, बेरीज २०० ला पोचते तो मध्यक. एक मर्यादा ध्यानात ठेवा. सेवा कंपनीतल्या २४० पैकी ज्या ३० जणांनी भरले तेच त्यांतले बरे कमावणारे असतील, तर हे गणित त्यावर काही करू शकत नाही. त्यासाठी न भरलेल्यांतल्या १५-२० जणांना चिठ्ठ्या टाकून निवडा, फोन करा, आणि आलेले आकडे आधीच्या ३० शी ताडा.

गुप्ततेबद्दल थोडे. ‘ईमेल गोळा करा’ बंद ठेवा. ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा लावली तर गूगलमध्ये लॉगिन करावे लागते, पण ईमेल तुमच्या शीटमध्ये येत नाही. लोकांना हे आधीच सांगा, नाहीतर लॉगिनचे पान पाहूनच परत फिरतात. शीटमधला वेळेचा रकाना मात्र प्रत्येक नोंदीशी येतो. ग्रुपवर ‘मी आत्ताच भरला’ असे टाकणाऱ्याची नोंद त्यावरून सहज सापडते, म्हणून हिशेबाला बसण्याआधी तो पुसून टाका. निकाल छापताना पाचपेक्षा कमी नोंदींचा कप्पा दाखवू नका. इचलकरंजीत राहून घरून काम करणारा, १४ वर्षे अनुभवाचा, स्टार्टअपमधला डेव्हलपर एकच असेल तर त्याचे नाव लिहायची गरज उरत नाही.

प्रश्न : माझा मेहुणा सिएटलला आहे. तो म्हणतो, तिथे डेव्हलपरला तीन लाख डॉलर सहज मिळतात. सरकारी आकडा मात्र त्याच्या निम्म्याहूनही कमी दिसतो. खरे कोणाचे? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या सर्वेक्षणात सॉफ्टवेअर डेव्हलपरचा वार्षिक मध्यक मे २०२४ मध्ये १,३३,०८० डॉलर होता. ही माहिती कंपन्यांकडून घेतली जाते, तीन वर्षांत मिळून सुमारे ११ लाख आस्थापनांकडून. पण त्यात शेअर आणि वर्षअखेरचा बोनस धरत नाहीत, आणि देशातल्या सगळ्या गावांतले, विमा कंपन्यांतले, इस्पितळांतले डेव्हलपर त्यात असतात. लेव्हल्स डॉट एफवायआयसारख्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर नोंदी येतात त्या मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांतून जास्त, आणि तिथे मूळ पगार, शेअर, बोनस यांची बेरीज दिसते. सिएटलच्या मोठ्या कंपनीतल्या अनुभवी माणसाला तीन लाख अशक्य नाहीत. ‘सहज’ हा शब्द तेवढा काढा.

शेअरच्या भागात आकडे सर्वांत जास्त फुगतात. चार वर्षांत मिळायचे शेअर कुणी एकाच वर्षात लिहितो, कुणी ऑफरच्या दिवसाचा भाव धरतो, कुणी आजचा. चाराने भागले तरी नेहमी बरोबर येत नाही : ॲमेझॉनची प्रचलित रचना पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५, मग ४० आणि ४० अशी ओळखली जाते, पहिल्या दोन वर्षांची कसर रोख बोनसने भरतात.

मेहुण्यांना पडताळायचेच असेल तर तिथे एक सोय आहे जी आपल्याकडे नाही. एच-१बी व्हिसासाठी कंपनी जो लेबर कंडिशन अर्ज भरते, त्याची माहिती अमेरिकेचे श्रम खाते दर तिमाहीला फुकट प्रसिद्ध करते. कंपनी, पद, गाव आणि देऊ केलेला मूळ पगार त्यात असतो. कायदेशीर कागद असल्याने तिथे बढाईला जागा नाही. शेअर मात्र त्यातही नाहीत.

प्रश्न : आमची ४० जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. पगारवाढ ठरवताना मुले या संकेतस्थळांचे स्क्रीनशॉट आणून दाखवतात. मोठ्या सल्लागारांचे सर्वेक्षण विकत घेणे परवडत नाही. दुसरा आधार काय? – एक उद्योजिका, नाशिक

उत्तर : स्क्रीनशॉट फेटाळू नका, पण दोनच गोष्टी विचारा : नोंदी किती आणि कधीच्या. सल्लागारांची सर्वेक्षणे कंपन्यांच्या पगारपत्रकांवरून होतात, त्यामुळे फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळे येतात. पण त्यांत भाग घेणाऱ्या कंपन्या मोठ्या असतात. ते आकडे नाशिकच्या ४० जणांच्या कंपनीला तसेच लागू होणार नाहीत.

फुकट आणि भक्कम असा एक आधार बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७(१२) नुसार प्रत्येक सूचीबद्ध कंपनीला वार्षिक अहवालात संचालकाचे मानधन कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या किती पट आहे ते द्यावे लागते, मध्यकात किती टक्के वाढ झाली तेही. संचालकाचे मानधन ६ कोटी आणि प्रमाण १०० असेल तर मध्यक ६ लाख, हा भागाकार आपण करायचा. पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांच्या बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरच्या) अहवालात तर स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांचे मध्यक वेतन थेट छापलेले असते. अडचण अशी की त्यात चाचणी, सपोर्ट, एचआर, कधी बीपीओचे लोकही एकत्र असतात, म्हणून तो आकडा डेव्हलपरच्या बाजारभावापेक्षा खाली राहतो. त्याचा खरा उपयोग वर्षागणिक वाढीसाठी : संकेतस्थळ ‘या वर्षी १८ टक्के वाढ’ म्हणत असेल आणि पाच मोठ्या कंपन्यांचा मध्यक ६ टक्क्यांनी हलला असेल, तर १८ टक्के स्विच करणाऱ्यांचे आहेत.

सर्वांत चांगली आकडेवारी तुमच्याच कपाटात आहे. गेल्या दीड वर्षात ज्यांनी तुमची ऑफर नाकारली, त्यांनी कुठे आणि कितीला होकार दिला? जे सोडून गेले ते कितीला गेले? उमेदवाराने तोंडी सांगितलेला आधीचा पगार इथे धरू नका. रुजू होताना दिलेल्या तीन महिन्यांच्या पे-स्लिप आणि फॉर्म १६ वरचा धरा. अशा २५ ओळी जमल्या की त्यातली आठवी आणि अठरावी नोंद पाहून वाढ ठरवा.

प्रश्न : मुलाला संगणक अभियांत्रिकीला घालायचे आहे. एका कॉलेजच्या जाहिरातीत ‘सर्वोच्च पॅकेज ४४ लाख’ असे आहे. याचा अर्थ काय घ्यावा? – एक आई, सातारा

उत्तर : एका विद्यार्थ्याला ती ऑफर मिळाली, एवढाच. त्यात शेअर आणि जॉइनिंग बोनस आहे का हे जाहिरातीत नसते. त्या कॉलेजने एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या मानांकनात भाग घेतला असेल तर त्याच्या संकेतस्थळावर दिलेला माहितीचा तक्ता उघडा. त्यात किती विद्यार्थी वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती उच्च शिक्षणाला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक वार्षिक पगार किती, हे सलग तीन वर्षांचे असते. तोही कॉलेजनेच दिलेला आकडा आहे, पण छेद, म्हणजे एकूण किती जणांपैकी ते, दिसतो हे काय थोडे?

तो असा वाचा. समजा ६०० उत्तीर्ण झाले, ७० पुढे शिकायला गेले, ३८० जणांना नोकरी लागली आणि मध्यक ५.५ लाख. नोकरी शोधणारे झाले ५३०, त्यातले १५० रिकामे राहिले. ५३० जणांचा मधला विद्यार्थी वरून २६५ वा. तो नोकरी लागलेल्या ३८० मध्ये खालून ११६ वा येतो, म्हणजे साधारण खालच्या ३० टक्क्यांच्या रेषेवर. त्याचा पगार ५.५ लाखांच्या खाली असणार. प्लेसमेंट कार्यालयात गेलात तर ४४ लाखांबद्दल विचारू नका. संगणक शाखेतल्या खालून ३० टक्क्यांवरच्या विद्यार्थ्याला कोणत्या कंपनीने घेतले आणि फिक्स्ड किती दिला, ते विचारा.